पोर्टगार्वच्या पेटीतलं एक मत

कॉन्डी मॅकनेलिस मार खात खात मोजायला शिकला. त्याचा बाप पोर्टगार्वच्या धक्क्यावर बोटींतून उतरणाऱ्या माशांच्या पेट्या मोजायचा. सात वर्षांच्या कॉन्डीला तो शेजारी उभा करायचा आणि बोट रिकामी झाली की विचारायचा, किती? एक पेटी चुकली तर भिजल्या दोराचा एक फटका, तीन चुकल्या तर तीन. नवव्या वर्षानंतर आपल्याला दोर लागला नाही, असं कॉन्डी सांगायचा. सांगताना बापाबद्दल राग नसायचा. शिकवणी चांगली होती, एवढंच त्याचं म्हणणं.

सव्विसाव्या वर्षी जाळं ओढणाऱ्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटली. वाऱ्यापावसात तो डेकवर रांगत ती शोधत राहिला. दोन्ही सापडली तेव्हा ती समुद्रात फेकली आणि मगच हाताला फडकं बांधू दिलं. एक राहिलं असतं तर झोप लागली नसती, म्हणायचा.

मी धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायला आलो तेव्हा तो साठीच्या पुढे होता आणि बोटींना बर्फ मोजून द्यायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने मला सांगितलं की तुझा काटा टनामागे वीस किलो खोटं बोलतोय. काटा नवा होता, मीच लावला होता. मी हसलो. रात्री एकटाच थांबून तपासला, तर वीसच किलो. तेव्हापासून मी त्याच्याशी आकड्यांवरून वाद घातला नाही. तो मला 'इंजिनियर' म्हणायचा. माझं नाव त्याने इतक्या वर्षांत एकदाही घेतलं नाही. गेल्या मार्चमध्ये तो वारला. या गोष्टीतलं आता कुणीच गावात उरलेलं नाही, म्हणून सांगतो.

कॉन्डीची खरी ओळख मतमोजणीची. आमच्याकडे मतपेटी उघडली की कारकून टेबलावर कागद उलगडून सरळ करतात, आणि कठड्याच्या बाहेर पक्षांची माणसं माना लांब करून उभी असतात. कागदावरची फुली दिसली की आपल्या वहीत एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. सरकारी निकाल अख्ख्या मतदारसंघाचा लागतो. पण कोणत्या गावाच्या पेटीत काय निघालं, हे या माणसांना दुपारच्या आतच कळलेलं असतं. कॉन्डी पस्तीस वर्षं त्या कठड्याला उभा राहिला, बापाच्या पक्षासाठी. आणि दर वेळी संध्याकाळी परत येऊन बिडी नावाच्या बाईच्या पबमध्ये, एक हात काउंटरवर ठेवून, पोर्टगार्वची पेटी वाचून दाखवायचा. निवडणुकीत पाच-सहा उमेदवार असायचे, मतं विखुरलेली. लोक हसायचे, एकमेकांना टोमणे मारायचे, पैजेचे ग्लास भरायचे. कुणाचं मत कुणाला, हे पस्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती.

२००८च्या जूनमध्ये सरकारने लोकांना विचारलं, युरोपच्या नव्या कराराला हो की नाही. धक्क्यावर तो करार कुणी वाचला नव्हता. मी वाचायला घेतला आणि अकराव्या पानावर सोडला. पण युरोप म्हणजे काय हे धक्क्याला पाठ होतं. युरोप म्हणजे किती बांगडा धरायचा ते सांगणारा कागद. युरोप म्हणजे सॅमनच्या जाळ्यांवर आलेली बंदी. एप्रिलमध्ये गस्तीच्या बोटीने लँटीला पकडलं. लँटी हा कॉन्डीच्या बहिणीचा मुलगा, स्वतःच्या बोटीचा तांडेल, हाताने जड आणि तोंडाने त्याहून जड. ठरल्यापेक्षा जास्त मासळी निघाली. त्यांनी ती त्याच्यादेखत समुद्रात ओतली आणि जाळी उचलून नेली. लँटीने एका अधिकाऱ्याचे दोन दात पाडले, त्या बदल्यात त्याची एक बरगडी मोडली, आणि खटला उभा राहिला.

मेमध्ये कॉन्डीच्याच पक्षाची गाडी 'हो म्हणा'चे फलक घेऊन धक्क्यावर आली. पोरांनी गळाच्या काठ्यांनी तिच्या काचा फोडल्या आणि फलक वाटणाऱ्या तरुणाला कडेवरून पाण्यात ढकललं. पाणी बर्फासारखं होतं. तो दोनदा बुडाला तरी वर उभे असलेले हसत होते. शेवटी कॉन्डीने लोखंडी आकडा टाकून त्याला कॉलरला धरून ओढून काढलं, आणि पुन्हा इथे दिसू नकोस म्हणून बजावलं. त्याच संध्याकाळी दफनभूमीत बापाच्या थडग्याच्या दगडावर हात ठेवून तो चारचौघांत म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा पक्षाच्या विरुद्ध, मी नाही म्हणणार. पण मोजणीला जाणार. मोजणी वेगळी.

शुक्रवारी मोजणी झाली. मी बर्फाच्या ट्रकमधून त्याला नेलं होतं आणि कठड्याला मागे उभा होतो. पोर्टगार्वची पेटी साडेदहाला उघडली. त्र्याऐंशी कागद. कॉन्डीच्या वहीत एका बाजूला रेघा वाढत गेल्या, दुसरी बाजू कोरी. साठाव्या-पासष्टाव्या कागदाच्या आसपास त्याचा हात थांबला. मग त्याने कोऱ्या बाजूला एक रेघ मारली. बारीक, सरळ रेघ. ती मारली नसती तर तिथे कुणी त्याला टोकणार नव्हतं. हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नसावं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या देशाने नाही म्हटल्याचं कळलं होतं. बिडीच्या पबमध्ये उभं राहायला जागा नव्हती. लँटी काउंटरवर बसून गात होता. कॉन्डीला खांद्यावरून आत आणलं, काळ्या बिअरचा ग्लास हातात दिला. नेहमीसारखा त्याने एक हात काउंटरवर ठेवला आणि वाचलं.

"पोर्टगार्व. झालेलं मतदान त्र्याऐंशी. नाही, ब्याऐंशी. हो, एक."

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच अडखळल्या. लोक एकमेकांकडे बघू लागले. आधी थट्टाच चालली. कुणीतरी म्हणालं, बिडी, तूच असशील, तुला ब्रसेल्सची लेस आवडते. बिडी म्हणाली, मला आवडणाऱ्या गोष्टींची यादी केली तर तू त्यात कुठेच नाहीस. हशा झाला. मग शाळेतल्या बाईंचं नाव निघालं, त्यांनी मूठ दाखवली. हसू प्रत्येक फेरीला कमी होत गेलं. कॉन्डी अजून वही उघडी धरून उभा होता. आपण काय वाचलं हे तेव्हा त्याला कळलं असावं, कारण त्याने वही हळूच मिटली. फार उशिरा मिटली.

"युनन आज आला नाही वाटतं," लँटी म्हणाला.

युनन म्हणजे कॉन्डीच्या वयाचा, वीस वर्षं त्याच्याबरोबर एकाच बोटीवर राबलेला. सॅमनची बंदी आली तेव्हा परवाना परत करणारा गावातला पहिला माणूस. नंतर सगळ्यांनीच केला, पण पहिला तो. आता तो त्याच बोटीतून पाहुण्यांना कड्यांवरचे पक्षी दाखवायला न्यायचा. पाहुण्यांना उतरायला त्याच्या घरासमोर युरोपच्या पैशातून सिमेंटच्या पायऱ्या झाल्या होत्या, आणि पायऱ्यांवर निळी पाटी होती, बारा चांदण्यांची.

रात्रीचे साडेनऊ झाले होते, पण जूनमध्ये तेव्हा लख्ख उजेड असतो. लँटीच्या मागे सातजण निघाले, आणि त्यांच्या मागे आम्ही बाकीचे, बघायला. आधी त्यांनी पाटी उपटली आणि पायरीवर पेटवली. धुराने युनन बाहेर आला. हातात बोटीची आकडीची काठी. कोण आहे हे बघून त्याने ती खाली केली. ओळखीची माणसं, त्याला वाटलं काहीतरी खेळ चाललाय. लँटीने ती काठी त्याच्या हातून घेतली आणि त्याच काठीने त्याच्या डाव्या हातावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी पन्नास फुटांवर ऐकला.

"मत कुणाला दिलंस?"

"नाही. नाहीला दिलं, लँटी."

खोटं बोलतो म्हणून पुन्हा मारलं. तो पडला तेव्हा बुटांनी. दर वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर, शेवटी शेवटी उत्तराचे नुसते श्वास. त्याची बायको सॉरका चुलीवरची गरम किटली घेऊन धावली. एकाच्या मानेवर पाणी सांडलं, त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. दोघांनी बोटीत उतरून घणाने इंजिन फोडलं. माझ्या कानांना त्या ठोक्यांवरून कळत होतं, आधी पंप गेला, मग इंजिनाचं डोकं, मग ब्लॉकला तडा. मी एक पाऊल पुढे टाकलं नाही. हे लिहिलंच पाहिजे.

जाताना लँटीने वाकून युननला मुदत दिली. उद्याच्या भरतीपर्यंत पबमध्ये येऊन सगळ्यांसमोर कबूल कर आणि बायकोला घेऊन गाव सोड. नाहीतर घर पाटीसारखं जळेल.

कॉन्डी हे बघायला आला नव्हता. तो पबमध्येच बसून होता, समोरचा ग्लास तसाच.

शनिवारी सकाळी तो युननकडे गेला. मीही बरोबर होतो. युननचा चेहरा ओळखू येत नव्हता, हात फळीला बांधलेला. अठ्ठावीस किलोमीटरवरून एक पोलीस येऊन गेला होता. युननने त्याला पायऱ्यांवरून घसरलो असं सांगितलं. पोलिसात नाव देणारा माणूस आमच्याकडे मेल्यावरही चुगलखोरच राहतो. सॉरका दारातच आडवी उभी राहिली. ती ओरडली नाही.

"तू वाचलंस, कॉन्डी. गिळून टाकता आलं नाही तुला एवढंसं?"

आतून युनन म्हणाला की त्याने नाहीवरच फुली मारली, सॉरकाच्या गळ्याची शपथ. कॉन्डीने त्याला फक्त विचारलं, फार दुखतंय का. आणि गाव सोडणार का. सॉरकाच बोलली. तिने सांगितलं, न केलेल्या गोष्टीसाठी ती कुठेही जाणार नाही. घर पेटवलं तर ती पलंगावर पडून राहील, बघू कोण काडी लावतो.

कारखान्यात परतलो तर शेडमधून डिझेलचे दोन डबे गेलेले होते. भरती रात्री आठच्या सुमाराला पुरी होणार होती. मी कॉन्डीला डब्यांचं सांगितलं. त्याने विचारलं, किती किती लिटरचे. वीस-वीसचे. तो हिशोब करू लागला.

साडेसातला तो पबमध्ये शिरला. दोन्ही डबे दाराशीच ठेवले होते. आत गाणं नव्हतं. लँटी आणि त्याची माणसं पीत होती, पण घाईघाईने, काम उरकायच्या आधी पितात तशी. कॉन्डीने कालच्यासारखा हात काउंटरवर ठेवला. म्हणाला, काल मी चूक वाचलं. त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी मतं 'नाही'चीच आहेत. मोजण्यात चूक झाली.

लँटीला खरंच हसू आलं.

"मामा, गेल्या निवडणुकीत तू म्हणालास, आपला माणूस चार मतांनी पडणार. सरकारला तीन दिवस लागले आणि आकडा निघाला चार. आणि आता एका फुलीला चुकलास?"

"म्हातारा झालो."

"कालपर्यंत नव्हतास." लँटी उठला. "तू त्याला वाचवतोयस. म्हणजे तुला माहितीये, तोच आहे."

पटण्यासारखंच होतं ते. खोलीतल्या सगळ्यांना पटलं. जन्मभर न चुकलेल्या माणसाची पहिली चूक कुणी विकत घेईना, उलट तिने युननवर शिक्काच बसला. एकाने डबा उचलला. कॉन्डी दारात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला.

"ते मत माझं आहे," तो म्हणाला.

कुणीतरी शिवी दिली. लँटी हळू आवाजात म्हणाला, "आजोबाच्या दगडावर हात ठेवला होतास."

"खोटं बोललो. पस्तीस वर्षं ज्यांच्यासाठी रेघा मारल्या त्यांच्या विरुद्ध पेन्सिल वळली नाही. आणि काल तुम्ही त्याला मारत होतात तेव्हा मी इथे बसून होतो. गप्प. आता काय करायचं ते करा."

लँटीचा पहिला ठोसा तोंडावर बसला. कॉन्डीने चौकट सोडली नाही. दुसऱ्याने सुटली. मग बाकीचे आले. मी मध्ये घुसलो, कानावर बाटली बसली आणि मी टेबलाखाली गेलो. तिथून मला फक्त बूट दिसत होते, आणि बुटांच्या मधोमध कॉन्डीचं डोकं, दर लाथेला फरशीवर सरकत. त्याने एकदाही हात वर केला नाही. बिडी बंदुकीच्या नावाने ओरडत होती, बंदूक तिच्याकडे नव्हती. लँटी सगळ्यात शेवटपर्यंत मारत होता. बाकीचे थांबले तरी तो मारत होता, आणि मारता मारता म्हणत होता, माझ्या आईचा भाऊ, माझ्या आईचा भाऊ. मग त्यालाही धाप लागली. लोक बाजूने निघून गेले. डबे होते तिथेच राहिले. युननच्या घरी जायला आता काही कारण उरलं नव्हतं.

मी त्याला ट्रकमध्ये घातलं. जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंत सत्तर किलोमीटर आहेत. अर्ध्या वाटेवर त्याने डोळा उघडला, एकच उघडत होता.

"मी नाहीलाच दिलं होतं, इंजिनियर."

मी गाडी थांबवणार होतो. त्याने हाताने चालव म्हणून खूण केली. मी विचारलं, मग ते एक कुणाचं? तो म्हणाला, कागदावर फुली असते, नाव कुठे असतं. आणि मग म्हणाला, तू तोंड उघडलंस तर ते डबे अजून भरलेले आहेत.

सोमवारी दुपारी मी वॉर्डात त्याच्या उशाशी बसलो होतो. पाच बरगड्या, खांद्याचं हाड आणि एका डोळ्याची शाश्वती नाही. लँटी आला. हातात बिस्किटांचा पुडा, मुठींवर सूज. पुडा कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला की त्याला दोन रात्री झोप नाही.

"मामा, आधी म्हणालास चुकलो. मग म्हणालास माझं. दोन्हीतलं एक तर खोटंच. आणि तू एक खोटं बोलू शकतोस तर दोन बोलू शकतोस." त्याचा आवाज गुरगुरण्यासारखा झाला. "मी तुला त्या भामट्यासाठी मारलं असलं तर मी त्याला जिवंत ठेवणार नाही. खरं सांग. त्याचं होतं ना?"

"माझं," कॉन्डी म्हणाला.

लँटीला पटलं नव्हतं, ते मला दिसत होतं. कॉन्डीलाही दिसत होतं. तेवढ्यात युनन आत आला. त्याच इस्पितळात हाडांच्या डॉक्टरकडे त्याचा हात प्लॅस्टरमध्ये घातला होता आणि तिथेच कुणीतरी त्याला गावातली बातमी सांगितली होती. तो लँटीच्या अंगावरून पुढे गेला, जणू तिथे खुर्ची आहे. ज्याने त्याचं हाड मोडलं त्याच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. थेट कॉन्डीपाशी.

"शनिवारी सकाळी तू माझ्या दारात उभा होतास," तो म्हणाला. "विचारलंस, फार दुखतंय का."

कॉन्डीने उघडा डोळा त्याच्याकडे वळवला.

"वीस वर्षं एका बोटीवर. ते तुझं होतं, आणि तू मला विचारलंस दुखतंय का?"

"हो, माझं होतं," कॉन्डी म्हणाला.

युननने प्लॅस्टरचा हात उचलला आणि कॉन्डीच्या तोंडावर हाणला. स्वतःच्या मोडक्या हाताने. दोघेही कळवळले. पुन्हा हाणला. टाके उसवले, उशी लाल झाली. मी उठलो, पण कॉन्डीने पांघरुणाखालून माझं मनगट पकडलं होतं, तीनच बोटांनी, आणि ती सोडवता येत नव्हती. युनन आता रडत होता आणि मारत होता आणि मोठमोठ्याने म्हणत होता की सॉरकाच्या डोक्याला सात टाके पडले, सात, मोज की, तू तर मोजतोस ना सगळं.

मी लँटीकडे पाहिलं. तो युननच्या चेहऱ्याकडे बघत होता. ते मत ज्याचं असेल त्याला असा राग नाटकात आणता येत नाही. लँटीला रागाची पारख होती, आयुष्यभर तेवढंच तर त्याने केलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. मग त्याने मागून जाऊन युननला दोन्ही हातांनी कवळलं.

"पुरे, युननकाका," तो म्हणाला. शुक्रवारी त्याने त्याला काका म्हटलं नव्हतं. "पुरे आता. चला. मी घरी सोडतो."

युननने त्याला झिडकारलं आणि एकटाच गेला. लँटी थोड्या अंतराने त्याच्या मागे गेला. पुडा पलंगाच्या पायथ्याशी राहिला. युनन त्यानंतर अकरा वर्षं जगला, त्याच घरात, आणि कॉन्डीशी एक शब्दही बोलला नाही. रस्त्यात दिसला तर थुंकायचा.

नर्स पळत आली, नवी उशी, नवे टाके. ती गेल्यावर कॉन्डीने माझं मनगट सोडलं. तोंड इतकं सुजलं होतं की शब्द मला वाकून ऐकावे लागले.

"लँटीने नीट पाहिलं ना?"

"पाहिलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग झालं," तो म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे केलं.